अकोल्याहून आणलेलं विरजण

भाद्रपद. महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. जागा: कॉलनीच्या मागचा सांडपाण्याचा प्लांट, हवेच्या टाकीचा कठडा.

हजर: कॉलनीचे अध्यक्ष, निवृत्त ग्रामसेवक, नाकाला दुपट्टा लावून. प्लांट चालवणारा भाऊ, सणाची रजा संपवून चांदूर रेल्वेहून थेट आलेला, पिशवी अजून खांद्यावर. शेजारच्या भाजीच्या वाडीच्या मालकीण वहिनी, हातात विळा. आणि मी, सचिव.

गैरहजर: टाकीत राहणारे सगळे.

ही शेवटची ओळ त्या दिवशी मी लिहिली नव्हती. टाकीत कोणी राहतं हेच मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ती पहिली लिहावी असं वाटतं.

आमचं गाव वलगावच्या पुढे, खारपाण पट्ट्यात. समुद्र इथून इतका लांब की गावातल्या निम्म्या लोकांनी तो पाहिलेला नाही, पण विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तर समुद्राकाठी आल्यासारखं वाटावं. माझं माहेर संत्र्याच्या भागातलं, गोड्या पाण्याचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिल्याच दिवशी तुरीची डाळ शिजेना म्हणून मी चुलीपाशी रडकुंडीला आले होते. सासूबाई म्हणाल्या, "तुह्या हाताचं नाही वं, पान्याचं हाये." पुढे धरणाचं पाणी नळाने आलं आणि डाळ शिजायला लागली. पण नळाचं पाणी घरापुरतं. शेताला तेच खारं. दिलं तर पानांच्या कडा करपतात, आणि माती वाळली की वर पांढरी साय धरते.

वाडीवाल्या वहिनींचं शेत आमच्या कॉलनीच्या भिंतीला लागून आहे. काळी, भारी जमीन, आणि विहीर खारी. पावसावर होईल तेवढं घ्यायचं आणि पुढचे महिने जमिनीच्या भेगा पाहत बसायचं. भाजी पिकवणाऱ्या घरातल्या असूनही वहिनी पहाटेच्या ऑटोने अमरावतीच्या बाजारातून भाजी आणून आमच्या गावात विकत. दुसऱ्याच्या वाडीतला सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकताना जीव जळतो, असं त्या एकदा माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या होत्या.

कॉलनीचा प्लांट सुरू झाला आणि हे बदललं. आमच्या आंघोळीचं, धुण्याभांड्याचं, संडासाचं पाणी प्लांटमधून स्वच्छ होऊन भिंतीपलीकडे त्यांच्या शेतात जाऊ लागलं. मुळात धरणाचं पाणी, म्हणून गोडं. नियम असा की पाणी सरीतून मुळाशी द्यायचं, पानावर पडू द्यायचं नाही, आणि भाजी विकण्याआधी नळाच्या पाण्याने धुवायची. वहिनींनी तो नियम देवाच्या सोवळ्यासारखा पाळला. पालक, मेथी, सांबार, वांगी, दोडकी झाली. यंदा बांधापासून बांधापर्यंत झेंडू लावला होता, दसऱ्यासाठी.

झेंडूचं कारण होतं. त्यांच्या मालकांना शेत ले-आऊटवाल्याला द्यायचं होतं. आमच्या कॉलनीसारखीच आणखी एक कॉलनी तिथे झाली असती. ले-आऊटवाल्याने मोजणी करून पांढऱ्या रंगाचे दगडही रोवून ठेवले होते. वहिनी हटून बसल्या. शेवटी नवराबायकोत ठरलं: दसऱ्याचा झेंडू साधला तर वाडी राहील, नाही साधला तर दसऱ्यानंतर सही. वहिनींनी त्या पांढऱ्या दगडांच्या भोवतीसुद्धा झेंडूची रोपं लावली. "दगडाले बी फुलं वाहाव म्हटलं," असं मला म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

आता त्या सकाळी काय झालं होतं ते सांगते.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या आधी घर घासून काढतात. फरशीला ॲसिड, मोरीला ॲसिड, संडासात बाटली उपडी, वर फिनाईल. शंभराच्या वर घरं, आणि बहुतेकांचा सुट्टीचा वार एकच. ते सगळं एकाच दिवशी, एकाच नळीतून प्लांटमध्ये गेलं. एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित प्लांट कण्हत का होईना तग धरून राहिला असता. पण महालक्ष्म्या यायच्या आदल्या संध्याकाळी बायका फाटकापासून रांगोळीची पावलं काढत होत्या. ती वाट प्लांटच्या भिंतीवरून जाते. वाऱ्याबरोबर वास आला. अध्यक्ष तिथे उभे होते.

अध्यक्षांनी सगळी नोकरी गावोगावच्या विहिरींत जंतू मारणारी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकण्यात घालवली. पावसाळा आला की बादलीत पावडर कालवायची, विहिरीत सोडायची आणि गावाला साथीपासून वाचवायचं. हे काम त्यांनी मनापासून केलं आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. देवीच्या वाटेवर वास येतो, प्लांटवाला रजेवर, पिण्याच्या टाकीसाठी आणलेली पावडरची कोरी गोणी खोलीत. त्यांनी गोणी फोडली आणि हवेच्या टाकीत ओतली. वास खरंच गेला. बायकांनी कौतुक केलं, मी फोन करून आभार मानले. तीन दिवस पुरण, आंबील, सोळा भाज्या. सोळा भाज्यांतल्या निम्म्या तरी वहिनींच्या वाडीतल्या होत्या. त्याच पाण्यावरच्या.

चौथ्या दिवशी टाकी राखाडी झाली होती, वर पांढरा फेस, आणि असा वास की कावळ्यालाही बसवेना.

प्लांटवाला भाऊ कठड्यावर वाकला. "काय टाकलं याच्यात?"

"टीसीएल," अध्यक्ष म्हणाले. "चांगली नवी गोणी होती."

"किती?"

"गोणी."

त्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "काका, तुमी त्यायले मारून टाकलं."

"कोनाले?"

वहिनींनी माझं कोपर ओढलं. "कोन मेलं वं ताई?"

मग त्याने सांगितलं. मी चार वर्षं सचिव होते. ब्लोअरचं तेल, पट्टा, जाळीची सफाई, वाळूची गाळणी, सगळ्यांच्या तारखा मला पाठ होत्या. मला वाटे प्लांट म्हणजे यंत्र. पाणी जाळीतून येतं, हवेच्या टाकीत खदखदतं, संथ टाकीत गाळ खाली बसतो, वरचं पाणी गाळून पुढे जातं. हवा कशाला सोडतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. हवा त्यांना श्वास घ्यायला. टाकीतला तपकिरी गाळ म्हणजे मळ नाही, जिवांची वस्ती. ते आपली सगळी घाण खातात, वाढतात, गोळा होऊन खाली बसतात, आणि भाऊ त्यांना पुन्हा पहिल्या टाकीत सोडतो. मोटार फक्त त्यांच्या सेवेला आहे.

"साऱ्या जिंदगीत टाकली विहिरीत," अध्यक्ष म्हणाले. आवाज नेहमीचा, पण दुपट्टा नाकावरून खाली आला होता. "एक गाव आजारी पडलं नाही."

"विहिरीत मारायचे असतेत काका. इथं पाळायचे असतेत."

 मग वहिनींनी विचारलं, "मंग माया पान्याचं?"

वाडीचा व्हॉल्व्ह भाऊने आल्या आल्याच बंद केला होता. हे पाणी शेतात सोडणं शक्यच नव्हतं. कॉलनीचं पाणी गाडीने उपसून नेण्याची व्यवस्था लागेल, ती मी त्याच दुपारी लावली. टाकी आपोआप पुन्हा जिवंत होईल का, असं मी विचारलं. होईल, भाऊ म्हणाला, येणाऱ्या पाण्याबरोबरच थोडे थोडे येतात, पण महिना, दीड महिना, सांगता येत नाही.

वहिनींनी विळा बगलेत धरला आणि अध्यक्षांकडे वळल्या. "भाऊ, माया झेंडू कळी धरून राहिला. पाऊस तं कवाचा पयाला. महिनाभर त्याले काय पाजू? तुमची टीसीएल?"

अध्यक्ष दुपट्ट्याची घडी घालत राहिले. 

"विरजण आणलं तर लवकर होते," भाऊ म्हणाला. "दुसऱ्या चालू प्लांटातला गाळ. दह्याले लावते तसंच. अकोल्याले आमचे उस्ताद हायेत, त्यायच्या प्लांटातून भेटन. पन त्याले वाटेत हवा लागते. बंद टँकरात कोंडला तं इथी येईपर्यंत मरन."

इथून पुढचं काम माझ्या प्रकारचं होतं. टँकर, हवा, माणसं, वेळ. टँकर अध्यक्षांनी मिळवला. बांधकामावर पाणी टाकणारा एकजण त्यांच्या जुन्या ओळखीतला होता. आधी तो नाही म्हणत होता. टँकर नंतर मी स्वतः उभा राहून धुवून देतो, असं अध्यक्षांनी सांगितल्यावर तयार झाला. हवेसाठी मी नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेले. त्याच्याकडे पेट्रोलवर चालणारा जुना कॉम्प्रेसर होता. "टायर केवढं हाये ताई?" त्याने विचारलं. मी म्हटलं, टायर नाही, पाणी आहे. पाण्यात हवा भरणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं, पण कॉम्प्रेसर दिला, वर लांब नळीही दिली. इकडे भाऊने टाकीत दोन दिवस नुसती हवा सोडून पावडरचा अंश उडवला, पाणी तपासलं, आणि आता चालेल म्हणाला.

वहिनींना न्यायचं माझ्या यादीत नव्हतं. सकाळी गाडी काढली तर त्या फाटकाशी उभ्या, हातात भाकरीचा डबा.

"मले बी याचं हाये," त्या म्हणाल्या. "अकोल्याच्या जुन्या शहरात माहेर हाये माह्यं. रस्ते मले ठाऊक. आन माया झेंडूसाठी काय आणून राहिले ते मले दिसलं पायजे."

टँकरमध्ये भाऊ, माझ्या गाडीत मी, वहिनी आणि मागे अध्यक्ष. मूर्तिजापूरमार्गे गेलो. वहिनी सगळा रस्ता शेतं वाचत होत्या: याचं सोयाबीन पिवळं पडलं, याच्या कपाशीवर मावा, इथं कोणी पऱ्हाटी विरळ लावली. अध्यक्ष खिडकीबाहेर पाहत बसले होते.

अकोल्यात मोर्णा नदीच्या बाजूला एका मोठ्या वसाहतीचा तो प्लांट. उस्ताद साठीचे, पांढरी दाढी, शर्टाच्या खिशाला चष्मा. आमची कहाणी त्यांनी उभ्या उभ्या ऐकली आणि अध्यक्षांकडे पाहून म्हणाले, "गोणी? पुरी?" मग चहा मागवला.

त्यांची टाकी आमच्या टाकीच्या कितीतरी पट मोठी. मी कठड्यावरून पाहिलं. दाट तपकिरी पाणी वर येत होतं, उलटत होतं, पुन्हा वर येत होतं. वास घेतला. माझी घाणीची तयारी होती. आला तो वास नांगरलेल्या ओल्या शेताचा. मी पुन्हा घेतला. वहिनींनी पण घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना त्यांची वाडीच आठवली असावी.

उस्तादांच्या खोलीत स्टीलच्या टेबलावर चहाच्या ग्लासांशेजारी सूक्ष्मदर्शक होता, शाळेत असतो तसा. त्यांनी काचपट्टीवर गाळाचा थेंब ठेवला. "देखो ताई. ले जाना है तो पहचान के ले जाओ."

मी डोळा लावला.

आधी नुसता उजेड. मग चाक फिरवल्यावर तपकिरी पुंजके दिसले, भिजलेल्या सरकीच्या ढेपेसारखे. आणि त्या पुंजक्यांवर, बारीक देठांवर, घंटा उभ्या होत्या. काचेच्या असाव्यात अशा पारदर्शक. एकेका पुंजक्यावर पाच-सात, फुलझाडासारख्या. त्यांच्या तोंडाभोवती काहीतरी सतत फिरत होतं, आणि त्या फिरण्याने पाण्यातले कण आत ओढले जात होते. मी पाहत असताना एक देठ एकदम गुंडाळला गेला, स्प्रिंगसारखा, घंटा पुंजक्याला चिकटली. क्षणभर थांबून तो देठ पुन्हा सावकाश उलगडला, आणि ती पुन्हा खायला लागली. मधून एक चपलेच्या आकाराचा जीव घाईने गेला, एका पुंजक्याला धडकला, मागे सरला, वळसा घालून पुढे गेला. बाजारात घाईत असलेला माणूस जातो तसाच.

किती वेळ पाहिलं ते मला माहीत नाही. मी वेळ पाहिली नाही, हेच मला नंतर नवल वाटलं. मी घरात, नोकरीत, कॉलनीत हजेऱ्या लावणारी बाई. कोण आलं, कोण आलं नाही, कोणी काय करायचं ठरलं होतं. आणि माझ्या घरामागे, भिंतीच्या आत, चार वर्षं हे लोक कामावर होते. रविवार नाही, सण नाही, रजा नाही. माझ्या भांड्यांचं खरकटं, माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणातलं सगळं, शेजारच्या बाळाच्या दुपट्यांचं पाणी, हे सारं त्यांनी खाल्लं होतं आणि त्याचं पाणी करून वहिनींच्या वांग्यांना दिलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसा, आणि मी देवळात फारशी जात नाही.

"सरका नं ताई," वहिनी म्हणाल्या. "मले बी पाहू द्या."

त्यांनी एक डोळा हाताने दाबून धरला आणि वाकल्या. "मा माय!"  "हे तं खाऊन राहिले... हे फुलं होय का जनावरं?"

"जनावर समझो," उस्ताद म्हणाले.

"देठ हाये की त्यायले."

"है ना. देठवाले दिखे तो समझो पानी अच्छा चल रहा है."

वहिनी तशाच वाकलेल्या राहून म्हणाल्या, "आन यायच्यावर आमच्या अध्यक्षायनं गोणी ओतली. बह्याडपणा झाला नं भाऊ!"

अध्यक्ष दारात उभे होते. ते आत आले, चष्मा काढला, आणि वहिनी बाजूला झाल्यावर स्वतः वाकले. आमच्यातले सगळ्यात जास्त वेळ त्यांनी पाहिलं. उठले तेव्हा डोळ्याभोवती गोल वळ उठला होता.

"यायले काय काय लागते?" त्यांनी उस्तादांना विचारलं.

"हवा, खाना. और कोई ऐसावैसा डाले नहीं."

"मंग निघा," अध्यक्ष आम्हाला म्हणाले. "चहा राहू द्या. हवा कमी पडायले नको."

टँकर पाऊण भरला. झाकणातून नळी आत, वर कॉम्प्रेसर दोराने बांधलेला, त्याचा फटफट आवाज रस्त्यावरच्या सगळ्यांना मागे वळायला लावत होता. मी गाडी टँकरच्या मागे ठेवली. मूर्तिजापूरच्या अलीकडे आवाज बदलला. नळी निसटून बाहेर लोंबकळत होती, कॉम्प्रेसर नुसता आभाळाला हवा भरत होता. मी हॉर्न वाजवून टँकर थांबवला. नळीचं तोंड फाटलं होतं. भाऊ शिडीवरून चढून ते कापून पुन्हा बांधायच्या मागे लागला, आणि तेवढ्या वेळात आतलं पाणी संथ राहून चालणार नव्हतं.

अध्यक्ष गाडीतून उतरले, ढाब्यामागून एक बांबू आणला, चप्पल काढली आणि टँकरवर चढले. मी खालून "काका, पडाल" म्हणेपर्यंत ते वर झाकणापाशी गुडघे टेकून बसले होते आणि दोन्ही हातांनी बांबू फिरवत होते. घामाने शर्ट पाठीला चिकटला. ते थांबले नाहीत.

ढाब्यावरचे लोक जमा झाले. एकाने विचारलं, "काय हाये वं बाई टँकरात? ताक हाये काय?"

"विरजण," वहिनी म्हणाल्या.

"कायचं?"

"आमच्या साऱ्या गावाचं."

"एवढं? दही किती लावता तुमी?"

"पाहुणे लय येतेत आमच्याइथी," वहिनींनी सांगितलं आणि डबा उघडून त्याला भाकरीचा तुकडा देऊ केला.

नळी बसली. भाऊने झाकणात वाकून वास घेतला, आणि मान हलवली: ठीक आहे. दिवस मावळायच्या आत आम्ही कॉलनीत होतो. पाइप लावला, आणि अकोल्याचा तपकिरी गाळ आमच्या राखाडी टाकीत पडू लागला. कॉलनीतली बरीच माणसं कठड्याशी आली होती. कोणीतरी हळदीकुंकवाची पुडी पुढे केली. भाऊ ओरडला, "काही टाकू नका! हळद बी नाई!" पुडी परत गेली.

पुढचे दिवस वाट पाहण्याचे. टाकीवर पांढरा फेस चढायचा, भिंतीवरून ओसंडायचा. भाऊ पाणी थोडं थोडं आत घ्यायचा, शेणकाला आणि गुळाचं पाणी त्यांना खाणं म्हणून टाकायचा, गाळ परत फिरवायचा. प्रत्येक दारावर मी कागद लावला: ॲसिड नाही, फिनाईल नाही. दोन घरांनी कुरकुर केली. त्यांच्या दारात अध्यक्ष स्वतः जाऊन उभे राहिले, मग कुरकुर थांबली.

वाडीचं पाणी बंदच होतं. वहिनींनी एका बांधाकडच्या वाफ्यांना नाइलाजाने विहिरीचं पाणी दिलं. पानांच्या कडा करपल्या, कळ्या गळल्या. ते वाफे गेले. मग कॉलनीतल्या बायका तांदूळ-डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी ड्रममध्ये साठवू लागल्या आणि अध्यक्ष रोज सकाळी ते हातगाडीवर घालून भिंतीपलीकडे न्यायचे. त्या पाण्याने झेंडू वाढत नव्हता, नुसता धरून राहिला होता. बांधावर वहिनींचे मालक हात मागे बांधून उभे असायचे.  त्यांच्या मागे ते पांढरे दगड.

रोज सकाळी मी टाकीतलं पाणी लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून कठड्यावर ठेवायचे. अर्धा तास थांबायचं. भाऊने शिकवलं होतं: गाळ एकत्र येऊन खाली बसला आणि वर स्वच्छ पाणी राहिलं, तर वस्ती बसली. रोज बरणी अखेरपर्यंत गढूळच राहायची. वहिनी यायच्या, पाहायच्या, परत जायच्या.

मग एक सकाळ. मी बरणी भरली, ठेवली, आणि फोन आला म्हणून पाठ फिरवली. वहिनींनी हाक मारली. "ताई. पाहा."

बरणीत तपकिरी पुंजके एकमेकांना शोधत होते. दोन जवळ यायचे, चिकटायचे, तिसरा त्यांना मिळायचा. मग सगळं मिळून सावकाश खाली उतरू लागलं, पडदा सोडावा तसं, आणि त्या पडद्याच्या वर पाणी उघडं पडत गेलं. बरणीमागे अध्यक्ष उभे होते. आधी त्यांच्या शर्टाचा रंग दिसला, मग बटणं, मग खिशातल्या पेनाची क्लिप. कोणी काही केलं नव्हतं. कोणी ढवळलं नव्हतं, गाळलं नव्हतं. मी खाली वाकून, डोळे बरणीच्या पातळीला आणून पाहत राहिले. आत काय चाललंय ते आता मला माहीत होतं, तरी, किंवा म्हणूनच, ते पाहणं मला झेपत नव्हतं. मी टाकीचा वास घेतला. ओलं शेत.

"देठवाले आले वाटते," वहिनी हळूच म्हणाल्या.

भाऊने आणखी दोन दिवस सगळं तपासून घेतलं आणि मग व्हॉल्व्ह उघडायचं काम अध्यक्षांना दिलं. त्यांनी ते चाक असं फिरवलं की जणू काही मोडेल. पाणी भिंतीपलीकडे गेलं, पहिल्या सरीत शिरलं. काळी माती पाणी पिताना बारीक आवाज करते, भेगांतून हवा निघते तेव्हा. वहिनी सरीबरोबर पुढे पुढे चालत होत्या, फावड्याने एक वाट बंद, दुसरी उघडी. मालक धोतराचा सोगा खोचून दुसऱ्या टोकाला गेले आणि न सांगता तिकडची सरी मोकळी करू लागले.

दसऱ्याला झेंडू झाला. बांधाकडचे वाफे सोडून बाकी सगळा. कॉलनीतल्या प्रत्येक दाराला त्याच वाडीतलं तोरण होतं, अध्यक्षांच्या दाराला दोन. पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवसांत भाऊच्या जागी प्लांटवर कोण थांबणार, हा विषय मी बैठकीत घेतला, तेव्हा कोणी बोलायच्या आत अध्यक्षांनी हात वर केला. ते काम झालं, मी त्यावर रेघ मारली.

ले-आऊटवाल्याला मालकांनी नकार कळवला आहे. तो येऊन गेला, चहा पिऊन गेला. पण दगड अजून शेतातच आहेत. ते उपटायला मी आमच्या स्टोअरमधून सब्बल, म्हणजे पहार, आणून ठेवली आहे. ती प्लांटच्या खोलीच्या दाराआड उभी आहे. मी आठवण करून दिली की वहिनी म्हणतात, "आत्ता नाही ताई. त्याच्या भोवती अजून फुलं हायेत. तुडवल्या जाईन." दिवाळीपर्यंत ती फुलं तोडायची आहेत. मग ओल जरा कमी होऊ द्यायची, नाहीतर सब्बल घुसते पण दगड सुटत नाही. मालक दोन दगड मी काढतो म्हणाले आहेत, बाकीचे आम्ही. माझ्या यादीत ते सगळ्यात खाली आहे: पांढरे दगड, सगळे.